विद्येचे ऋण आणि भाकरीचे ऋण

विद्या हे असे धन आहे की ते चोराला नेता येत नाही, राजाला हिरावून घेता येत नाही, भावाभावांत त्याची वाटणी होत नाही आणि खर्च करावे तसतसे ते वाढतच जाते, अशा अर्थाचे सुभाषित आपण शाळेत असताना घोकतो आणि पुढे त्याचा पडताळा न घेताच आपल्या मुलांना शिकवितो. सुभाषितांचे हे भाग्यच म्हणावयाचे की त्यांची उलटतपासणी कोणी करीत नाही. परंतु विद्या हीच ज्यांची उपजीविका आहे, आणि ती विद्याही अशी की कागदावर न उतरता हवेत उमटून हवेतच विरून जाते, अशा माणसांना हे सुभाषित ऐकविले तर ते काय म्हणतील? चोराला ती खरोखरच नेता येत नाही काय? आणि दिल्याने ती वाढते हे मान्य केले, तरी ती वाढ कोणाच्या पदरात पडते, देणाऱ्याच्या की घेणाऱ्याच्या?

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना अमेरिकेतील दोन वादकांची चरित्रे माझ्या डोळ्यांपुढे येतात. दोघेही न्यू ऑर्लिन्स शहराच्या संगीतात वाढले, दोघेही कृष्णवर्णीय आणि दोघेही कॉर्नेट वाजवीत. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटच्याच कुळातले, जरा आखूड बांध्याचे पितळी वाद्य. जाझ संगीताच्या आरंभीच्या काळात ट्रंपेटपेक्षा त्याचाच वापर अधिक होता. एकाचे नाव फ्रेडी केपर्ड आणि दुसऱ्याचे जो ऑलिव्हर. एकाने आपली विद्या झाकून ठेवली, दुसऱ्याने ती एका पोरक्यासारख्या वाढलेल्या मुलाच्या ओंजळीत ओतली. झाकणाऱ्याला त्याचे फळ मिळाले नाही, हे बोधकथेला साजेसेच झाले. परंतु देणाऱ्यालाही ते मिळाले नाही, आणि बोधकथा नेमकी येथेच अडखळते.

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीकाठचे बंदर. तेथे मिरवणूक असो, सहल असो वा प्रेतयात्रा, पितळी वाद्यांचा ताफा हवाच. स्मशानाकडे जाताना संथ भक्तिगीते वाजावयाची आणि मृताला निरोप देऊन परतताना तेच वादक नाचावयाला लावणाऱ्या गती धरावयाचे. त्यांच्यामागून रस्त्यावरची पोरे धावत सुटत. यातील बरेचसे संगीत लिहिलेले नसे. ज्याला कान होता त्याला ते उचलता येई आणि ज्याला प्रतिभा होती त्याला ते आपलेसे करता येई. जो सर्वांत जोरकस आणि सर्वांत नवे वाजवी त्याला लोक ‘राजा’ म्हणत. पहिला राजा बडी बोल्डन. त्याला १९०७ साली वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले आणि १९३१ साली तेथेच त्याचा अंत झाला; त्याच्या वादनाची एकही तबकडी नाही. त्याच्यामागून हा मान केपर्डला मिळाला आणि केपर्डने शहर सोडल्यावर ऑलिव्हरला. या राज्याला ना खजिना होता, ना सीमा. उद्या कोणी अधिक चांगले वाजविले की सिंहासन गेले.

अशा राज्याचा राजा संशयी झाला तर नवल नाही. केपर्ड वाजविताना उजव्या हातावर रुमाल टाकीत असे, म्हणजे आपली बोटे कोणत्या क्रमाने पडतात हे समोर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला दिसू नये, अशी हकीकत त्याच्या समकालीनांनी सांगितली आहे. १९१४ पासून चार वर्षे तो ओरिजिनल क्रिओल ऑर्केस्ट्रा या वाद्यवृंदाबरोबर अमेरिकेतील नाट्यगृहांतून फिरला आणि न्यू ऑर्लिन्सचे हे संगीत ज्या शहरांनी कधी ऐकले नव्हते तेथे त्याने ते पोहोचविले. १९१६ च्या सुमारास व्हिक्टर कंपनीने या मंडळींना ध्वनिमुद्रणाविषयी विचारले. केपर्ड नको म्हणाला. तबकडी निघाली की वाटेल त्याने ती घरी नेऊन पुन:पुन्हा लावावी आणि आपली कला चोरावी, असे त्याला वाटले, असे सांगतात. दुसरी हकीकत अशी की कंपनीला आधी चाचणीसाठी फुकट वाजवून हवे होते आणि फुकट वाजविणे त्याला मान्य नव्हते. दोन्ही हकीकती एकमेकींच्या विरुद्ध नाहीत, हे पुढे दिसेल.

२६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यू ऑर्लिन्सच्याच पाच गोऱ्या वादकांनी न्यू यॉर्क येथे त्याच व्हिक्टर कंपनीसाठी दोन रचना वाजविल्या. ओरिजिनल डिक्सीलँड जास बँड या नावाने निघालेली ती तबकडी जाझची पहिली प्रकाशित तबकडी म्हणून इतिहासात नोंदली गेली आणि अमाप खपली. तिच्या यशाने देशभर या संगीताची लाट उसळली. त्या वृंदाचा प्रमुख निक लारोका याने तर उत्तरायुष्यात असाही दावा केला की जाझ हे गोऱ्या वादकांनीच निर्माण केले, कृष्णवर्णीयांचा त्याच्याशी संबंध नाही. केपर्डने प्रत्यक्ष तबकड्यांसाठी वाजविले ते १९२३ पासून पुढे. १९२६ साली स्वतःच्या नावाच्या वृंदासह त्याने वाजविले तेव्हा मद्याने त्याचा दम पोखरून टाकला होता. १९३३ च्या जुलैत शिकागो येथे तो क्षयाने वारला.

केपर्डला हसणे सोपे आहे. रुमालाखाली कला झाकून ठेवली आणि ती तेथेच गुदमरली, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु त्याची भीती निराधार होती असे इतिहास म्हणू देत नाही. चोरी होणार असे त्याला वाटले, आणि ज्या अर्थाने त्याला वाटले त्या अर्थाने ती झालीही. मात्र चोरीला नेमके काय गेले ते बारकाईने पाहिले पाहिजे. त्या पाच जणांच्या तबकडीने केपर्डच्या ओठांतला जोर गेला नाही, की बोटांतले चापल्य गेले नाही. १९१७ च्या फेब्रुवारीत त्याला जे वाजविता येत होते ते मार्चमध्येही येत होते. गेले ते दुसरेच. ‘प्रथम’ म्हणून मिळावयाचे नाव गेले, त्या नावावर मिळावयाचा पैसा गेला आणि आपल्या श्रमांची किंमत आपण ठरविण्याची संधी गेली. म्हणजे सुभाषितकार खोटे बोलला नाही. विद्या चोराला नेता येत नाही हे खरेच आहे. परंतु विद्येचे वेतन चोराला नेता येते, आणि त्याविषयी सुभाषित मौन पाळते. चाचणीसाठी फुकट वाजविणार नाही असे म्हणणारा केपर्ड आणि कला चोरतील असे म्हणणारा केपर्ड हे दोन निराळे केपर्ड नव्हेत. दोघेही एकच गोष्ट सांगत होते: माझ्या कामाचा मोबदला माझ्याकडे न येता दुसरीकडे जाईल.

तथापि रुमालाचा दोष वेगळाच आहे. रुमालाला डोळे नसतात. तो चोरापासून जसा बोटे झाकतो तसाच शिष्यापासूनही झाकतो. ज्याला केवळ उचलेगिरी करावयाची आहे आणि ज्याला मनोभावे शिकावयाचे आहे, ते दोघेही समोरच्याच रांगेत बसलेले असतात. आपल्याकडील काही उस्तादांनीही चिजा अशाच राखून ठेवल्या, आणि कित्येक चिजा त्यांच्याबरोबरच गेल्या, हे संगीताच्या जाणकारांना सांगावयास नको. राखण करणाऱ्याला माणसे पारखता आली पाहिजेत. ती पारखण्याचा कंटाळा म्हणजे रुमाल.

जो ऑलिव्हरला ही पारख होती. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात लुइझियाना राज्यात तो जन्मला. लहानपणीच त्याचा एक डोळा गेला. न्यू ऑर्लिन्समध्ये तो गोऱ्या कुटुंबांच्या घरी नोकरी करी आणि उरलेल्या वेळात बँडमध्ये वाजवी. हळूहळू त्याने आपली अशी एक तऱ्हा बसविली. कप, पेला, बाटली, मोरी साफ करावयाची रबरी वाटी, जे हाताला लागेल ते कॉर्नेटच्या तोंडाशी धरून तो त्याचा सूर कधी कण्हता, कधी हसरा, कधी तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा करी. तोही भोळा नव्हता. शिकागोस गेल्यावर प्रतिस्पर्धी वादक श्रोत्यांत येऊन बसू लागले, तेव्हा कोणती रचना चालली आहे हे त्यांना कळू नये म्हणून स्वरलिपीच्या कागदांवरची शीर्षके तो कापून टाकीत असे, अशी आठवण सांगितली जाते. म्हणजे रुमाल त्याच्याजवळही होता. परंतु एका मुलापुरता त्याने तो बाजूला सारला.

त्या मुलाचे नाव लुई आर्मस्ट्राँग. जन्म १९०१ चा. बाप घर सोडून गेलेला, आई मिळेल ते काम करणारी. नववर्षाच्या रात्री रस्त्यात पिस्तूल उडविल्याबद्दल त्याला मुलांच्या सुधारगृहात धाडण्यात आले होते आणि तेथल्या बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवू लागला. सुटल्यावर तो कोळशाची गाडी हाकी. ऑलिव्हरच्या पत्नीची, स्टेला यांची, बाहेरची कामे तो करून देई, त्यांच्या हातचा राजमा आणि भात खाई आणि त्या बदल्यात ऑलिव्हर त्याला धडे देई. एक वापरलेले कॉर्नेटही ऑलिव्हरने त्याला देऊन टाकले. लुई त्याला ‘पापा जो’ म्हणे. पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास ऑलिव्हर शिकागोस गेला, तेव्हा किड ओरीच्या वृंदातील त्याची जागा लुईला मिळाली. आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये ऑलिव्हरने तार करून त्याला शिकागोस बोलावून घेतले.

लिंकन गार्डन्स या नृत्यगृहात गुरू पहिले आणि शिष्य दुसरे कॉर्नेट वाजवीत असे. या संगीतात मधूनच सर्व वाद्ये थांबतात आणि दोन मापांची मोकळी जागा एखाद्या वादकाला मिळते. एरवी एकट्यानेच भरावयाची ही जागा हे दोघे मिळून भरीत, आणि तीही अशी जुळवून की जणू महिनाभर तालीम केली असावी. वस्तुतः तालीम नसे. पुढे काय येणार त्याची खूण ऑलिव्हर चालू वादनातच एखाद्या स्वरसमूहाने करून देई आणि लुई त्या क्षणी त्याला पूरक स्वर शोधी. ऐकणारे वादक चकित होत. बोटे पाहून हे चोरता आले नसते. रुमाल असता वा नसता, सारखेच. दोन माणसांनी एकमेकांना वर्षानुवर्षे ऐकल्याखेरीज ते निर्माणच होत नाही. विद्येचा जो भाग खरोखर चोराला अलभ्य आहे, तो हाच.

१९२३ च्या एप्रिलमध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड गावी गेनेट कंपनीच्या खोलीत ही मंडळी ध्वनिमुद्रणासाठी जमली. तेव्हा विजेचे ध्वनिग्राहक आले नव्हते. सर्वांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवावयाचे आणि ज्याचा आवाज मोठा त्याने मागे सरकावयाचे. लुईचा सूर इतका भरदार होता की त्याला इतरांपासून बऱ्याच अंतरावर मागे उभे करावे लागले, अशी आठवण वृंदातील पियानोवादिका लिल हार्डिन यांनी सांगितली आहे. गुरू कर्ण्यापाशी आणि शिष्य दूर कोपऱ्यात. पण त्या अंतराचा अर्थ दोघांनाही कळला असला पाहिजे. त्याच वेळी ‘डिपरमाउथ ब्लूज’ या रचनेत ऑलिव्हरने बारा मापांची तीन आवर्तने एकट्याने वाजविली. पुढे कित्येक वर्षे ट्रंपेटवादक ती तीन आवर्तने जशीच्या तशी पाठ करून वाजवीत राहिले. त्या पाठांतराबद्दल ऑलिव्हरला कोणी काही देण्याचा प्रश्नच नव्हता.

त्याचे औदार्य निर्भेळ होते असे मात्र मी म्हणणार नाही. लुई आपल्याजवळ आहे तोवर तो आपल्या पुढे जाणार नाही, अशा आशयाचे ऑलिव्हर बोलून गेल्याचे लिल यांनी सांगितले आहे. १९२४ साली लिल आणि लुई यांचा विवाह झाला, आणि तिच्याच आग्रहावरून त्याच वर्षी लुईने गुरूचा वृंद सोडला. तबकड्यांच्या पैशांच्या वाटणीवरून इतर साथीदारांशीही ऑलिव्हरचे बिनसले होते. हे सारे सांगितलेच पाहिजे, कारण देणाऱ्याला देवत्व देऊन टाकले की त्याच्या पोटाचा विचार करण्याचे कारण उरत नाही. ऑलिव्हर माणूस होता. स्वतःच्या हाताने घडविलेला मुलगा आपल्याला झाकोळून टाकणार हे त्याला कळत होते, त्याची त्याला धास्ती वाटत होती, आणि तरीही त्याने शिकविण्यात हात आखडता घेतला नव्हता. भीती वाटत असताना दिलेले दान हे भीती नसलेल्याच्या दानापेक्षा मोठे की लहान? मला तरी ते मोठे वाटते.

यापुढची कहाणी उताराची आहे. १९२७ साली न्यू यॉर्कच्या कॉटन क्लबने ऑलिव्हरला बोलाविले. देऊ केलेला पैसा त्याला कमी वाटला आणि तो नको म्हणाला. ती जागा ड्यूक एलिंग्टनला मिळाली आणि तेथून त्याची कीर्ती देशभर पसरली. ऑलिव्हरच्या हिरड्या रोगाने सडत चालल्या होत्या. आणि ज्याचे सारे सामर्थ्य ओठ आणि दात यांच्या पकडीत आहे त्या वादकाचे दात जाणे म्हणजे तबलजीची बोटे जाणे होय. पुढे तर त्याच्याच नावाने निघालेल्या कित्येक तबकड्यांत कॉर्नेट दुसऱ्याने वाजविलेले असे. आर्थिक मंदीत शिकागोतील बँक बुडाली आणि तिच्याबरोबर त्याची शिल्लकही बुडाली. दक्षिणेतील लहानलहान गावांतून तो वृंद घेऊन फिरला. गाड्या मोडल्या, साथीदार गळाले. अखेर जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरी तो थांबला. तेथे त्याने फळे विकली आणि मग एका बिलियर्डच्या अड्ड्यावर सकाळी नऊपासून मध्यरात्रीपर्यंत झाडलोटीची व देखरेखीची नोकरी धरली. न्यू यॉर्कला बहिणीकडे जाण्यासाठी तिकिटाचे पैसे तो साठवीत होता. तिला लिहिलेल्या एका पत्रात आपल्या बचतीचा आकडा त्याने कळविला आहे: एक डॉलर साठ सेंट.

१९३७ साली आर्मस्ट्राँग आपला वृंद घेऊन सव्हानास आला. तोवर त्याचे नाव युरोपपर्यंत गाजले होते. रस्त्यात भाजीपाला विकणारा पापा जो त्याला दिसला. लुईने खिशात होते ते पैसे त्याच्या हाती ठेवले. वृंदातील काही जण पूर्वी ऑलिव्हरच्याच हाताखाली वाजवीत असत, त्यांनीही दिले. रात्री ऑलिव्हर नीटनेटका पोशाख करून कार्यक्रमाला आला आणि कडेला उभा राहून ऐकत राहिला, असे लुईनेच सांगून ठेवले आहे. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ऑलिव्हर वारला. बहिणीने घरभाड्यासाठी ठेवलेले पैसे खर्चून त्याचे शव न्यू यॉर्कला आणविले आणि वुडलॉन दफनभूमीत त्याला मूठमाती दिली. थडग्यावर दगड बसविण्याइतके पैसे तिच्याजवळ उरले नव्हते.

आता प्रश्न असा की ऑलिव्हरचे कोणी काही देणे लागत होते काय? कायद्याने पाहू गेल्यास नाही. लुईने कोणताही करार मोडला नव्हता. त्या तीन आवर्तनांवर कोणाची मालकी नोंदलेली नव्हती. कॉटन क्लबला त्याने स्वतःच नकार दिला होता. बँक बुडाली तो काही संगीताचा दोष नव्हे. एकेक दुवा तपासावा तर कोणीच अपराधी ठरत नाही. आणि तरीही सर्व दुवे एकत्र जोडले की एक वृद्ध झाडू घेऊन उभा राहिलेला दिसतो, ज्याच्या सुरांवर हजारो लोक नाचले होते. जेथे अपराधी सापडत नाही तेथे अन्याय झालाच नाही, असे समजण्याची सवय आपल्या न्यायबुद्धीला लागली आहे. ही सवय मला चुकीची वाटते.

आपल्या परंपरेने माणसाच्या जन्माबरोबर येणारी ऋणे सांगितली; त्यांतले एक ऋषिऋण. ते ऋषीला काही परत देऊन फिटत नाही, तर त्याची विद्या शिकून आणि पुढे चालवून फिटते. ही कल्पना फार थोर आहे, आणि या अर्थाने पाहिले तर आर्मस्ट्राँग पूर्ण ऋणमुक्त झाला. ऑलिव्हरपासून घेतलेले त्याने जगाला दिले, आणि आपले मूळ कोण हे तो आयुष्यभर सांगत राहिला. ते देणे कोठवर पोहोचले पाहा. गोव्यातील हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना मुंबई चिक चॉकलेट या नावाने ओळखत असे, ते आर्मस्ट्राँगच्या वादनाचा आदर्श पुढे ठेवून ट्रंपेट वाजवीत. त्यांनी सी. रामचंद्रांच्या, म्हणजे आपल्या रामचंद्र चितळकरांच्या, संगीतात काम केले, आणि १९५१ च्या ‘अलबेला’तील ठेक्यांवर सारा देश डोलला. त्या ठेक्यांवर पाय हलविणाऱ्यांपैकी किती जणांना ऑलिव्हरचे नाव ठाऊक होते? ते ठाऊक असावयास पाहिजे होते असेही मी म्हणत नाही. नदीचे पाणी पिणाऱ्याने उगमापर्यंत चालत जावे अशी अट कोणी घालत नाही.

परंतु ऋषिऋणाखेरीज दुसरेही एक ऋण आहे, आणि त्याचे नाव आपल्या यादीत नसल्यामुळे आपण ते विसरतो. ते भाकरीचे ऋण. विद्या पुढच्याला देऊन फिटते, भाकर मात्र त्याच माणसाला, तो जिवंत असतानाच द्यावी लागते. पहिले ऋण पिढ्यान्पिढ्या चालते, दुसऱ्याची मुदत एका आयुष्याची असते. आणि आपली लबाडी ही की पहिले फेडल्याचे समाधान मिळवून आपण दुसऱ्याकडे पाठ फिरवितो. कलावंत उपाशी मेला तरी त्याची कला अमर आहे, असे आपण श्रद्धांजलीच्या सभेत म्हणतो. या वाक्यात एका ऋणाची पावती दाखवून दुसरे बुडविलेले असते.

हे दुसरे ऋण एकट्या आर्मस्ट्राँगच्या माथी मारणेही न्याय्य नाही. त्याने खिसा रिकामा केला. अधिक करता आले असते काय, याचा निवाडा आपण घरी बसून करू नये. हे ऋण वाटलेले आहे. ज्यांनी ती तीन आवर्तने पाठ करून आपली पोटे भरली ते, ज्यांनी तबकड्या विकल्या ते, ज्यांनी त्या सुरांवर रात्री जागविल्या ते, या सर्वांचा त्यात चिमूटचिमूट वाटा आहे. आणि चिमूटभर ऋणाचा धर्मच असा की ते कोणालाच जाणवत नाही. पुष्कळांचे देणे हे कोणाचेच देणे उरत नाही. म्हणूनच ते एकेकट्याच्या दयेवर न सोडता नियमांनी, निधींनी, वादकांच्या संघांनी वसूल व्हावे लागते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. विद्यादान निष्काम असावे. त्याला मोलाचा हिशेब लावला की ते दान न राहता व्यापार होतो, असे आपले शिष्टमत आहे. मला हे मत मान्य आहे, परंतु ते कोणी उच्चारावे याला महत्त्व आहे. निष्कामता हा देणाऱ्याचा सद्गुण आहे. घेणाऱ्याने तो देणाऱ्याला शिकवावयाचा नसतो. ऑलिव्हर म्हणेल की मला काही नको, तर ती त्याची थोरवी. ज्याने त्याच्याकडून घेतले तो म्हणेल की त्याने काही मागू नये, तर तो त्याचा कृतघ्नपणा. शब्द तेच, पण तोंड बदलले की त्यांची नीती बदलते. महाभारतात द्रोणाची गोष्ट आहे. ज्याच्याजवळ त्या काळची श्रेष्ठ अस्त्रविद्या होती त्याच्या मुलाला दूध मिळत नव्हते. पिठाचे पाणी दूध म्हणून पिऊन तो पोर आनंदाने नाचला आणि इतर मुलांनी त्याची थट्टा केली. द्रोण जुन्या मित्राच्या दाराशी गेला तो अपमानित होऊन परतला आणि मग राजसेवेत शिरला. त्यानंतर त्याने कोणाला काय शिकविले, कोणाला शिकविण्याचे नाकारले आणि कोणाच्या बाजूने तो उभा राहिला, हे आपण जाणतो. एका घोटभर दुधाचे ऋण समाजाने वेळेवर न फेडल्याचे व्याज कुरुक्षेत्रावर किती झाले, याचा हिशेब व्यासांनी मांडला नाही; तो वाचणाऱ्यानेच मांडावयाचा आहे.

आणि येथे पुन्हा केपर्डकडे वळले पाहिजे. रुमाल काढून टाक, असे कलावंताला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्या समाजाने त्याच्या भाकरीची हमी दिली आहे त्यालाच. ती हमी नसताना औदार्याचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या खिशातून दानधर्म करणे होय. विद्या लपविली जाते तेव्हा तो लपविणाऱ्याचा दोष आहेच, पण अनेकदा ती भोवतालच्या लोकांच्या वर्तनाची पावतीही असते. केपर्डचा रुमाल त्याने एकट्याने विणलेला नव्हता.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. प्रत्येकावर एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे आणि तिच्यावर पृथ्वीवरील सत्तावीस संगीतकृती आहेत. त्यांत लुई आर्मस्ट्राँगचे १९२७ चे एक वादन आहे. भारताच्या वाट्याची एकच जागा आहे आणि तेथे गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाईंनी आपली विद्या फार राखून ठेवली, फार थोड्यांना दिली. त्यांचे गुरू अल्लादियाखाँसाहेब यांनी तर आपले गाणे तबकडीवर उतरू दिले नाही. आर्मस्ट्राँगच्या गुरूने आपल्याजवळचे देऊन टाकले. राखणारीची विद्या आणि देणाऱ्याच्या शिष्याची विद्या, दोन्ही एकाच तबकडीवर सूर्याच्या प्रभावाबाहेर जाऊन पोहोचल्या आहेत. विद्येपुरते बोलावयाचे तर सुभाषितकार जिंकला. तेथवर कोणताही चोर पोहोचणार नाही.

ती तबकडी ऐकणारा कोणी तेथे असेल की नसेल. असलाच तर त्याला त्या सुरांतून पापा जो ऐकू येईल. परंतु त्याला आता तिकिटाची गरज नाही. ती १९३८ च्या वसंतात सव्हाना ते न्यू यॉर्क एवढ्या प्रवासापुरती होती, आणि ते अंतर त्याने जिवंतपणी ओलांडावे एवढी व्यवस्था कोणाला करता आली नाही.